परसातली हळद आणि तिची त्रेसष्ट गुणसूत्रं



आज तुमच्याशी बोलायचंय ते हळदीबद्दल. हळदीचे गुण सांगायला मी आलेली नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. बोट कापलं की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, डॉक्टरकडे नंतर. मी सांगणार आहे ते हळदीच्या नातेवाइकांबद्दल, तिच्या पोटात दडलेल्या एका आकड्याबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. चूक शेवटी सांगावी असं आधी वाटलं होतं, पण ती मनावर आहे म्हणून तीच पहिली सांगते.

मी लग्न होऊन कृष्णाकाठच्या गावी आले तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकून आले होते. आमच्या घराच्या मागं, मोरीचं पाणी जातं तिथं हळदीचा एक लहानसा वाफा होता. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. हा वाफा त्यांच्या सासूबाईंनी लावलेला. त्याचे कंद बोटासारखे बारीक, वजनाला कमी, पण मोडला की आत नारिंगी रंग आणि असा वास की हात धुतला तरी जायचा नाही. घरची वर्षाची हळद, लग्नाकार्याची हळद, सगळी त्यातूनच निघायची. शेतात बाजारची हळद, आणि घरात खायला परसातली.

मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, ही बारीक हळद कशाला ठेवता? जागा अडते. मी चांगलं जाड बेणं आणते." त्या म्हणाल्या, "बारीक हाय गं, पर रंग बघ की तिचा." मी ऐकलं नाही. शिकलेली सून, त्यांनीही फार ताणलं नाही. त्या वर्षी माघात वाफा खणला आणि सगळी हळद शिजवून वाळवली. बेण्याला म्हणून दरवर्षी बाजूला ठेवतात तेवढीही शिजवली. अक्षय्य तृतीयेला नवं बेणं लावलं. पावसाळा जोराचा झाला, पाणी साठलं, भाद्रपदात पानं पिवळी पडली. ओढलं तर झाड अलगद हातात आलं आणि खाली कंदाचा नुसता लगदा. कंदकूज. नवं गेलं आणि जुनं तर मी आधीच डब्यात भरून ठेवलं होतं. शिजवलेलं हळकुंड काही रुजत नाही.

तेव्हा मी एक वेडेपणा केला. जुन्या हळदीला काही वर्षी फुलं यायची, पांढरट हिरव्या कणसासारखा तुरा. मला वाटलं, तिचं बी मातीत पडलं असेल, पुढच्या पावसात उगवेल. वाट पाहिली. काहीच उगवलं नाही. आणि मग एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं, की याचं उत्तर मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. हळदीची गुणसूत्रं त्रेसष्ट. तिला बी धरत नाही.

वहीत लिहिलेलं परसापर्यंत पोचायला एक वाण जावं लागलं. म्हणून हा आकडा आज तुम्हाला नीट समजावून सांगायचा आहे.

आधी हळदीचं घराणं बघू. शास्त्रात याला आल्याचं कूळ म्हणतात, आर्द्रक कुल. जगभरात या कुळात सोळाशेच्या आसपास जाती आहेत, बहुतेक सगळ्या उष्ण, पावसाच्या प्रदेशातल्या. आपल्या देशात दोनशेच्या आसपास. ईशान्य भारत, सह्याद्री आणि अंदमान ही त्यांची मोठी माहेरं.

तुमच्या घरात त्यातल्या किती आहेत, मोजा बरं. फोडणीच्या डब्यात हळद. चहात आलं, आणि आलं वाळवलं की तीच सुंठ, जन्माष्टमीच्या सुंठवड्यातली. शिऱ्यात वेलची, मसाल्यात मोठी काळी वेलची. गाणाऱ्या बायका घसा बसला की चघळतात ते कोलिंजन. मार लागला, सूज आली की उगाळून लावतो ती आंबेहळद. श्रावण-भाद्रपदात केसात माळतो तो पांढरा सुगंधी सोनटक्का. आणि दिवाळीच्या उटण्याची पुडी उघडलीत तर तिच्यात एकाच कुळातल्या तीन बहिणी सापडतील, आंबेहळद, कचोरा आणि कपूरकाचरी. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, म्हणजे या घराण्याचं पानसुद्धा आपण वाया घालवत नाही. वेखंडाला मात्र यात मोजू नका. वास उग्र, कंद तसाच, पण त्याचं कूळ वेगळं.

रानातही त्यांची भावकी आहे. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाचगणीच्या किंवा कासच्या पठारावर गेलात तर कर्दळीसारख्या पानांचं, उंच सरळ दांड्याचं, टोकाला फिकट कणीस असलेलं एक झाड घोळक्यानं उभं दिसतं. ती चवर. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या उंच पठारांवरच ती सापडते, जगात दुसरीकडे नाही. तिच्या कंदातून पूर्वी महाबळेश्वरला सत्त्व काढत, उपासाच्या तवकिरीसारखं. डोंगरउतारावर पिवळ्या फुलांची, वर गुलाबी जांभळी पानं असलेली रानहळद असते. विदर्भाच्या पूर्वेकडे आणि छत्तीसगडच्या जंगलात तिखूर असतो, त्याचंही सत्त्व काढतात. बागेत कुठं भुईचाफा असेल. पान नसताना जमिनीतून थेट जांभळं पांढरं फूल वर काढतो, तोही याच घरचा.

आता गुणसूत्रं म्हणजे काय? प्रत्येक झाडाच्या, प्राण्याच्या, माणसाच्या शरीरात बारीक बारीक पेशी असतात. भिंतीला विटा तशा शरीराला पेशी. प्रत्येक पेशीत त्या जिवाची सगळी कृती लिहून ठेवलेली असते. पान केवढं, फूल कुठल्या रंगाचं, कंदात पिवळेपणा किती, सगळं. ही कृती ज्या बारीक दोऱ्यांवर लिहिलेली असते ते दोरे म्हणजे गुणसूत्रं. माणसाची शेहेचाळीस, तेवीस आईकडून आणि तेवीस बापाकडून.

ती बघायची कशी, ते मी हातानं केलेलं आहे. आमच्या प्रयोगशाळेत कंद ओल्या वाळूत ठेवून कोवळी मुळं फुटू द्यायचो. मुळाचं टोक हे वाढीचं ठिकाण, तिथं पेशी सतत दुभंगत असतात आणि दुभंगताना गुणसूत्रं आखूड, जाड होऊन दिसायला लागतात. सकाळी ठराविक वेळेला टोक कापायचं, औषधात घालून आहे त्या स्थितीत थांबवायचं, आम्लात मऊ करायचं, रंग द्यायचा. मग काचेच्या पट्टीवर ठेवून वर पातळ काच आणि टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाबायचं. जोर जास्त झाला तर सगळं पसरून वाया, कमी झाला तर गुंता सुटत नाही. भाकरी थापताना हाताला जे कळतं तसंच ते. त्यात हळदीची गुणसूत्रं फारच बारकी, खसखशीच्या दाण्यापेक्षाही हजारो पट लहान. सूक्ष्मदर्शकातून बघत मोजायची. मी पहिल्यांदा मोजली तर साठ भरली, दुसऱ्यांदा चौसष्ट. बाईंनी सांगितलं, "पुन्हा मोज." दहाव्या पेशीत त्रेसष्ट भरली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, थोडं आनंदाचं आणि जास्त दुखण्याचं.

मोठमोठ्या अभ्यासकांचंही असंच झालेलं आहे. हळदीची बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट अशी वेगवेगळी मोजणी जुन्या निबंधांत सापडते. १९४३ साली राघवन आणि वेंकटसुब्बन या दोन भारतीय अभ्यासकांनी या सबंध कुळाच्या गुणसूत्रांवर मोठा निबंध लिहिला. आज त्रेसष्ट हाच आकडा मानला जातो.

इथं एका बाईचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. जानकी अम्माल. जन्म १८९७, केरळातल्या तलश्शेरीचा. ज्या काळात मुलींची लग्नं दहा-बारा वर्षांच्या वयात होत, त्या काळात ही बाई शिकत गेली, अमेरिकेत जाऊन १९३१ साली मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आली. कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं. पुढं इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाबरोबर तिनं माणूस जी जी झाडं लावतो त्यांच्या गुणसूत्रांच्या संख्येचा एक मोठा कोश तयार केला. तो १९४५ साली निघाला. दुसरं महायुद्ध चालू असताना ही भारतीय बाई लंडनच्या परिसरात बसून जगभरच्या पिकांचे हे बारीक दोरे मांडत होती. लग्न केलं नाही, साधी राहिली. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८४ मध्ये गेली. आपल्या मुलींच्या पुस्तकात तिचा धडा असायला हवा असं मला फार वाटतं.

आता त्रेसष्टाकडे येऊ. मंगळागौरीची फुगडी डोळ्यांसमोर आणा. समजा अंगणात एकवीस घरच्या बायका जमल्यात आणि नियम असा आहे, की फुगडी आपल्याच घरच्या बाईबरोबर घालायची. फुगडी संपली की दोघींनी दोन बाजूंना जायचं, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रत्येक घरच्या दोघी असतील तर बेचाळीस बायका, एकवीस जोड्या, सगळं सुरळीत. उजवीकडे एकवीस, डावीकडे एकवीस, दोन्हीकडे प्रत्येक घरची एक एक. झाडात परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रं असंच करतात. आधी जोडी लावतात, मग निम्मी निम्मी वाटली जातात. म्हणून पुढं दोघांचं मिळून पुन्हा पूर्ण बी तयार होतं.

आता प्रत्येक घरच्या दोघी नसून तिघी असतील तर? एकवीस घरं, तिघी तिघी, त्रेसष्ट बायका. फुगडी दोघींचीच. तिसरी लोंबकळत राहते, कधी उजवीकडे जाते, कधी डावीकडे. मग एका बाजूला काही घरच्या दोन, काही घरची एक, दुसऱ्या बाजूला भलतंच. एकवीसच्या एकवीस तिसऱ्या बायका एकाच बाजूला जाऊन वाटणी नीट जमेल, असं दहा लाखांत एखाद्या वेळी व्हायचं. हळदीचं हेच आहे. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत. फूल येतं, सुंदर येतं, पण परागकण बहुतेक पोकळ, आणि बी सहसा धरत नाही. आपल्या खायच्या केळ्याचंही तसंच, तीन संच, म्हणून केळ्यात बी नाही, नुसते काळे ठिपके.

मग हा तिसरा संच आला कुठून? रानातल्या बऱ्याच हळदींची गुणसूत्रं बेचाळीस आहेत. रानहळदीची बेचाळीस, तिखुराची बेचाळीस. कधीतरी, फार पूर्वी, अशा एखाद्या झाडात वाटणी व्हायची राहून गेली असावी, निम्म्याऐवजी सगळीच्या सगळी बेचाळीस एका बाजूला गेली असावीत आणि दुसऱ्या झाडाची एकवीस त्यांना मिळाली असावीत. बेचाळीस आणि एकवीस, त्रेसष्ट. ते झाड वांझ निघालं, पण जोमदार होतं. ते कुणाच्या तरी हाती लागलं आणि त्या माणसानं त्याचा कंद मोडून पुन्हा लावला. बाई असेल किंवा पुरुष असेल, ते काही कुठं लिहिलेलं नाही. पण कंद उकरून आणायचं आणि घराजवळ लावायचं काम आपल्याकडे कुणाच्या वाट्याला असतं ते तुम्ही जाणता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हळद जंगलात आपली आपण उगवत नाही. जिला बी नाही तिला पुढं जायला माणसाचा हात लागतो. आपण आज जो कंद लावतो तो गेल्या वर्षीच्या कंदाचा तुकडा, तो त्याच्या आदल्या वर्षीच्या कंदाचा. मध्ये कुठंही नवा जन्म झालेला नाही. हजारो वर्षांत कुणीतरी दर वर्षी थोडं बेणं शिजवायचं सोडून ठेवलं, म्हणून ती आहे. एक वर्ष ते ठेवलं नाही, तर त्या घरची ती हळद संपली. मी तेच केलं होतं.

आल्याची गोष्ट थोडी निराळी. त्याची गुणसूत्रं बावीस, म्हणजे अकरा जोड्या, हिशेबाला चोख. तरी आल्याला बी जवळजवळ धरतच नाही. फूल क्वचित येतं आणि परागकण बहुतेक निकामी असतात. अभ्यासकांना दिसलं, की काही गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली आहे, म्हणून जोडी लागताना अडखळतात. म्हणजे माणसं तितकीच आहेत, पण फुगडीला हात जुळत नाहीत. भुईचाफ्यात पुन्हा तीन संच, अकरा त्रिक तेहतीस. सोनटक्क्याची साधारण चौतीस. वेलचीची अठ्ठेचाळीस, आणि तिच्या जोड्या छान लागतात. वेलचीत तर आपण बीच खातो! फुलावर मधमाशी आली नाही तर वेलचीचं बोंड धरत नाही. एकाच घराण्यात कुणी माणसाच्या भरवशावर, तर कुणी मधमाशीच्या.

या मोजणीचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. एक उपयोग ओळखीचा. आंबेहळद म्हणून आपण बाजारातून जे आणतो त्या नावाखाली निदान दोन वेगळी झाडं विकली जातात. एकीला कैरीचा वास, तिचं लोणचं घालतात, गुणसूत्रं बेचाळीस. दुसरी अंगाला लावायची, तिची त्रेसष्ट मोजली गेली आहेत. नाव एक, झाडं दोन. कचोऱ्याचंही तसंच घोळाचं आहे. वाळवलेल्या कापांवरून भल्याभल्यांना फरक कळत नाही. औषध म्हणून वापरताना हा घोळ बरा नाही.

दुसरा उपयोग नात्यांचा. चेक देशातून आलेल्या याना लिओंग-श्कोर्निचकोवा या बाईंनी कालिकत विद्यापीठाच्या एम. साबू यांच्याबरोबर भारतभर हिंडून हळदीचे नातेवाईक गोळा केले. २००७ साली त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. एकशे एकसष्ट नमुने तपासलेले. कुठं बेचाळीस, कुठं त्रेसष्ट, कुठं सत्त्याहत्तर, तर कुठं तब्बल एकशे पाच. त्यांनी दाखवलं, की या आकड्यांच्या मुळाशी सात आहे. सात सख्खं बेचाळीस, सात नवं त्रेसष्ट, सात पंधरं एकशे पाच. म्हणजे मी मघाशी ज्यांना एकवीस घरं म्हटलं, ती फार मागं गेलं तर सातच घरं होती, नंतर त्यांचे वाडे वाढले. बेचाळीस गुणसूत्रांची रानहळदसुद्धा या हिशेबानं सहा पदरी आहे.

आणि त्यात आपली चवर होती! तिचीही बेचाळीस निघाली, रानहळदीसारखीच. यात एक गंमत आहे. १८३९ साली मुंबईत जॉन ग्रॅहम नावाच्या अभ्यासकानं मुंबई परिसरातल्या झाडांची यादी छापली. तिच्यात त्यानं चवरीला हळदीच्याच वंशात घातलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी ती वेगळी दिसते म्हणून तिला दुसऱ्या घरात नेलं. आणि आता गुणसूत्रं आणि आतली रचना तपासून तिला पुन्हा हळदीच्या घरी आणलंय. पावणेदोनशे वर्षांनी लेक माहेरी आली म्हणा.

याच निबंधातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लागवडीच्या हळदीत, वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांत, पेशीतल्या या मजकुराचं एकूण माप पंधरा टक्क्यांपर्यंत कमीजास्त आढळलं. म्हणजे सगळी हळद एकच, असं म्हणता येत नाही. सांगलीची हळद, वर्ध्याकडची वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. वाणावाणात रंग वेगळा, वास वेगळा, रोग सोसायची ताकद वेगळी. आत्याबाई म्हणत होत्या, रंग बघ की तिचा, ते अगदी बरोबर होतं. त्यांना आकडा ठाऊक नव्हता, पण फरक ठाऊक होता. मला आकडा ठाऊक होता आणि फरक दिसला नाही.

आता काळजीची गोष्ट. एका वाणाची सगळी झाडं म्हणजे एकाच झाडाचे तुकडे. एकाला जो रोग झेपत नाही तो कुणालाच झेपत नाही. शिवारभर एकच वाण लावलं आणि कंदकूज शिरली, तर ती बांध बघत नाही. बी धरणाऱ्या पिकात दर पिढीत पत्ते नव्यानं पिसले जातात, एखादं रोप तगून जातं. हळद आणि आलं यांच्यात ती सोय फार कमी. फार कमी म्हणते, अजिबात नाही असं नव्हे. कधीमधी काही हळदींना थोडं बी धरतं. कोळिकोडच्या मसाला पिकांच्या संशोधन संस्थेनं अशा बियांपासून रोपं वाढवून प्रभा आणि प्रतिभा ही दोन वाणं निवडली. आपल्याकडे सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्र आहे, तिथून कृष्णा, फुले स्वरूपा ही वाणं आली. पण नवं वाण निवडायला आधी निरनिराळं जुनं हाताशी असावं लागतं. जे आपण शिजवून टाकलं त्यातून संशोधक तरी काय निवडणार?

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, परसात, कुंडीत, नळाच्या सांडपाण्याजवळ, जिथं तुमच्या आजीची, आत्याची जुनी हळद किंवा आलं असेल ते काढून टाकू नका. नवं जरूर लावा, पण जुनं ठेवून. दर वर्षी निदान चार-पाच निरोगी कंद शिजवायचे नाहीत. ते सावलीत, कोरड्या जागी ठेवायचे.

दुसरी, एकाच ठिकाणी सगळं ठेवू नका. वाफ्यात पाणी तुंबू देऊ नका, उंच वरंब्यावर लावा. एकाच जागेत वर्षानुवर्षं हळद किंवा आलं घेऊ नका, आणि आल्यामागं हळद, हळदीमागं आलं असंही नको, कारण कंदकूज दोघांनाही होते. बेणं निवडताना कुजका, मऊ कंद जवळसुद्धा ठेवू नका. आणि थोडं बेणं शेजारणीकडे देऊन ठेवा. तिच्याकडचं थोडं तुम्ही घ्या.

तिसरी, डोंगरावर गेलात तर चवर, रानहळद मुळासकट उपटू नका. फूल बघा, फोटो काढा, मुलांना दाखवा. सत्त्वासाठी किंवा औषधासाठी कुणी खणत असेल तर त्यांना सांगा, की मूळ कंद जमिनीत राहू द्या. आपल्या हळदीचं जे सख्खं गोत आहे ते त्या पठारावर उभं आहे, आणि जगात ते इथंच आहे.

चौथी, आपल्याकडच्या वाणाची आठवण लिहून ठेवा. कुणी आणलं, कुठून आणलं, चव कशी, रंग कसा, पाऊस किती सोसतं. शाळेतल्या पोरीला सांगा वहीत लिहायला. शास्त्रज्ञ आकडा काढून देतील, पण ती हळद तुमच्या घरी कशी आली ते तुमच्याशिवाय कुणी सांगणार नाही.

माझ्या चुकीचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. वाफा गेल्यानंतर तीन वर्षांनी मी वन्संकडे, म्हणजे नणंदेकडे गेले होते, त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला. मागच्या दारी हात धुवायला गेले तर फुटक्या घमेल्यात हळद. मी एक पान चुरगळून वास घेतला आणि तिथंच बसले. वन्सं म्हणाल्या, "काय झालं वहिनी?" मी विचारलं, ही कुठली? त्या म्हणाल्या, "आईनं दिलेली. माझी ओटी भरली तेव्हा हळकुंड तर घातलंच, पण पिशवीत ओला कंदही टाकला होता. म्हणाली, ओटीतलं हळकुंड रुजत नाही, हे लाव."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. आत्याबाई शाळेत गेल्या नव्हत्या. पण जी बियांनी पसरत नाही ती लेकींनी पसरवायची, हे त्यांना कळत होतं. मी चार कंद मागून आणले. आत्याबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी कंद मोडून त्यांच्या नाकाशी धरला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरला. आज ती हळद आमच्याकडे आहे, माझ्या माहेरी आहे, दोन जावांकडे आहे आणि गावातल्या अकरा घरी आहे. वाण बारीकच आहे. पण रंग बघायला या एकदा.

येताना पिशवी घेऊन या. कंद देईन.